ऑर्किडच्या रॅकमागची सीताफळं

माझी मोठी बहीण सहा वर्षं आमच्याकडं राहिली आणि मागच्या कार्तिकात एका सकाळी पिशवी भरून निघून गेली. ती का गेली हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. निदान सगळे तसं समजतात. बायकोच्या ऑर्किडवर कीड पडली, ती आक्काच्या मुंग्यांमुळं पडली, त्यावरून दोघींचं वाजलं आणि आक्का सासरच्या गावी गेली. ही हकिकत मी स्वतः चारचौघांत मान हलवून ऐकून घेतली आहे. त्यातलं कीड पडली आणि आक्का गेली, एवढंच खरं आहे.

मी कृषी सहायक आहे. एकवीस वर्षं जालन्याच्या आसपासच्या गावांत कपाशी, मोसंबी आणि सीताफळावरच्या किडी दाखवत फिरतोय. पिठ्या ढेकूण ही कीड तर मी झोपेतही ओळखीन. पानाच्या बेचक्यात कापसाचा बारीक बोळा ठेवल्यासारखं पांढरं दिसतं. काडीनं उचकलं की आत मऊ, पिठात घोळल्यासारखा किडा. तो रस शोषतो आणि गोड चिकट पाणी सोडतो. त्या चिकट पाण्यासाठी मुंग्या येतात, किड्यांना राखतात, पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. हे सगळं मी शेतकऱ्यांना इतक्या वेळा सांगितलंय, की सांगताना माझा आवाजच बदलतो. घरी त्या आवाजाला बायको 'मिटिंगचा आवाज' म्हणते.

आमचा फ्लॅट अंबड रस्त्याला, पहिल्या मजल्यावर. मागं जाळी लावलेली लांबोडकी बाल्कनी. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि पहिल्या सुट्टीत येताना तिनं आईला एक ऑर्किड आणलं. बायको शाळेत शिक्षिका आहे, तिला कुठलीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. वर्षभरात एकाची सात झाली. जालन्याच्या कोरड्या हवेत ऑर्किड म्हणजे दुखणाईत माणूस सांभाळण्यासारखं काम. जाळीला तिनं गोणपाट बांधलं, ते रोज दोनदा भिजवायचं. कुंड्यांत माती नाही, नारळाचा काथ्या आणि लोणारी कोळसा. नळाचं आणि बोअरचं पाणी जड, म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रमात धरून ठेवायचं आणि वर्षभर पुरवायचं.

"माणसाला बोअरचं आन झाडाला पावसाचं," आक्का म्हणायची. "पुढल्या जल्मी तुज्याच बाल्कनीत येते वैनी, झाड हून."

बायको हसायची. दोघींचं जमत होतं, हे मी मुद्दाम सांगतोय. नंतर लोकांनी त्याची नणंद-भावजयीची नेहमीची गोष्ट करून टाकली.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही, मेहुणे गेले, तेव्हा मी तिला घेऊन आलो. येताना तिनं सामानात फारसं काही आणलं नाही, पण सासूनं लावलेली एक सवय आणली. सकाळी आंघोळ झाली की चिमूटभर पीठ आणि चिमूटभर साखर कालवून मुंग्यांना घालायची, मग स्वतःचा चहा. गावी ती वारुळावर घालायची. इथं वारूळ कुठलं. बाल्कनीच्या कोपऱ्यात पाण्याच्या पाइपाजवळ फरशीला एक भेग होती, तिथं घालायची. मुंग्या ओळीनं येत, ओळीनं जात. सहा वर्षांत त्यांनी कधी घरात पाऊल टाकलं नाही.

आता माझ्याबद्दल. मला शुगर आहे, आठ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी पायाला साधं खरचटलं ते तीन महिने भरलं नाही. त्या तीन महिन्यांत रोज जखम धुण्याचं, पट्टी बदलण्याचं काम बायकोनं केलं. जखम भरली तेव्हा तिनं माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली, की चोरून खायचं नाही. आंबा, चिकू, सीताफळ घरात येणं बंद झालं. तीही खात नाही आणि आक्काही खात नव्हती. आक्काला सीताफळ जिवापाड आवडतं. माझ्यासाठी तिनं सोडलं आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मी हसनाबादकडं एका बांधावर गेलो होतो. म्हातारा शेतकरी, बांधाला पंधरा-वीस सीताफळाची झाडं, आणि फळांवर पिठ्या ढेकूण. मी त्याला सगळं समजावलं. खोडाला चिकटपट्टी लाव, मुंग्या वर चढू देऊ नको, फळ घरात नेण्याआधी झटकून, धुऊन घे. तो हो हो म्हणाला आणि निघताना एक खोकं गाडीला बांधून दिलं.

"घरी न्या साहेब. लेकरं खातील."

घरी खाणारं लेकरू नाही हे मी त्याला सांगितलं नाही. खोक्यात अकरा फळं होती, पाडाला आलेली. डोळ्यांच्या मधल्या खाचांत पांढरं पांढरं होतं. ते मला दिसलं. आजही सांगतो, दिसलं. पण धुवायचं तर मोरीत धुवावं लागणार आणि मोरीत कोणीतरी बघणार. म्हणून मी ते खोकं तसंच बाल्कनीत नेलं आणि ऑर्किडच्या रॅकच्या खालच्या फळीमागं, कोळशाच्या पोत्याआड सरकवलं. तिथं सावली, ओलावा आणि ऊब. सीताफळ पिकायला त्याहून चांगली जागा नाही. ऑर्किडपासून वीतभर अंतरावर.

बायको शाळेत आणि आक्का दुपारी देवळात पोथी ऐकायला गेली, की मी गावचा दौरा लवकर उरकून घरी यायचो. कोळशाच्या पोत्यावर बसून खायचो. पहिल्या दिवशी एक, मग दोन दोन. बिया, साली कागदात गुंडाळून खिशात, आणि खाली गेल्यावर नाल्यात. नंतर तोंड धुऊन लवंग चघळायची. त्रेपन्न वर्षांचा माणूस. सहा दिवसांत अकरा फळं संपली. खोकं मी तोडून भंगारात टाकलं आणि मोकळा झालो, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर साधारण आठवड्यानं, रविवारी सकाळी बायकोनं बाल्कनीतून हाक मारली.

"अहो, जरा इकडं या. हे पांढरं काय आहे?"

सातातल्या एका ऑर्किडला त्या वर्षी पहिल्यांदा फुलाचा दांडा आला होता. तीन वर्षं वाट बघून आलेला. बोटभर लांबीचा, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. बायको रोज त्याचा फोटो मुलीला पाठवायची. त्या दांड्याच्या बुडाशी, पानाच्या बेचक्यात, कापसाचा बोळा होता. मी वाकून बघितलं. खालच्या फळीवरच्या दोन कुंड्यांवर तर पानांच्या मागं रांगच होती. कीड खालून वर आली होती. कोळशाच्या पोत्याकडून.

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती, कारण घरात किडीचा माणूस मीच.

"पिठ्या ढेकूण आहे," मी म्हणालो.

"पण आला कुठून? चार महिन्यांत मी एक रोप बाहेरून आणलेलं नाही. कोळसा धुऊन घेते, काथ्या उकळून घेते."

तेवढ्यात एक मुंगी दांड्यावरून वर चढली. तिच्याकडं बघून मी मिटिंगच्या आवाजात म्हणालो, "मुंग्या. मुंग्याच पसरवतात याला."

यात खोटा शब्द एकही नाही. मुंग्या पसरवतात. पण पसरवतात आणि आणतात यातला फरक जिल्ह्यात मला कळणार नाही तर कुणाला कळणार? बायकोनं मुंगीच्या मागं मागं नजर नेली. दांडा, कुंडी, फळी, फरशी, आणि कोपऱ्यातली ती भेग. तिथं सकाळचं पीठ-साखर अजून पडलेलं होतं. त्याच वेळी मला तोंड उघडता आलं असतं. तेव्हा प्रकरण सीताफळापुरतं होतं, दोन दिवसांचा अबोला झाला असता आणि मिटलं असतं.

संध्याकाळी तिनं आक्काला सांगितलं. सांगितलं नीटच.

"आक्का, थोडे दिवस मुंग्यांना नका घालू. झाडांवर कीड आलीय, हे म्हणतात मुंग्यांमुळं."

आक्का दारात गहू निवडत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "भाऊ म्हणतो का? मंग बराबरच असंल. बंद करते." थोडं थांबून म्हणाली, "सासूला काय सांगू पण? ती वरून बघून राह्यली."

"सांगा भावजय लई खाष्ट मिळाली," बायको म्हणाली आणि दोघी हसल्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. बायकोनं सातही कुंड्या एकमेकींपासून लांब ठेवल्या. स्पिरिटमध्ये कानकाडी बुडवून एकेक बोळा पुसायचा, स्पिरिट मधल्या कोंबात उतरू द्यायचं नाही, नाहीतर कोंब कुजतो. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल. चार दिवसांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण अंडी मरत नाहीत. शाळा असल्यानं बायकोला सकाळ-संध्याकाळच वेळ मिळे. दुपारचं काम आक्कानं आपणहून घेतलं. आयुष्यभर कापूस वेचलेला हात. चष्मा नाकावर घेऊन ती त्या दांड्यासमोर पाट टाकून बसायची आणि काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून कळीकळीच्या मधून किडा काढायची. एकही कळी तिनं दुखवली नाही. दुपारची पोथी तिनं सोडली.

पण कीड हटेना. उलट वाढली. मला त्याचं कारण दोन-तीन दिवसांतच दिसलं. सकाळची साखर बंद झाल्यावर मुंग्या बिथरल्या होत्या. आधी त्यांना भेगेपाशीच पोटापुरतं मिळायचं, म्हणून त्या तिथूनच परत फिरायच्या. आता गोड म्हणून उरला तो फक्त किड्यांचा चिकट रस. सगळी फौज कुंड्यांवर चढली. पिल्लं उचलून त्यांनी धुतलेल्या कुंड्यांवरही नेली. म्हणजे आक्काची चिमूटभर साखरच इतके दिवस बायकोची झाडं राखत होती, आणि ती मी बंद केली होती.

हेही मी बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग आली कुठून.

दोन कुंड्या मुळापासून गेल्या. मुळं कोळशातून काढली तेव्हा पिठूळ झाली होती. बायकोनं त्या पिशवीत बांधून खाली जाळल्या. त्या दिवशी तिनं बिल्डिंगमधल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, मैत्रिणींनो, मुंग्यांपासून सावध राहा, आमच्याकडं नणंदबाई साखर घालत होत्या, त्याचे हे परिणाम. खाली फोटो. रडव्या चेहऱ्यांची, हात जोडलेली चित्रं आली. शेजारच्या वहिनी जिन्यात आक्काला म्हणाल्या, "आक्का, तुमच्या मुंग्यांनी पार दिवाळं काढलं की." आक्का म्हणाली, "व्हय ना बाई," आणि गुडघा धरून वर आली.

मग तो शनिवार. बायको अर्धा दिवस शाळा करून आली आणि तिनं ठरवलं की रॅकच बाहेर काढून फिनेलनं धुवायचा. मी रॅक धरला, तिनं कोळशाचं पोतं ओढलं. पोत्यामागं फरशीवर मुंग्यांचा काळा गोळा होता, बशीएवढा. कशावर तरी तुटून पडल्या होत्या. फरशीला सीताफळाचा गर गळून वाळला होता, दोन आठवडे साबणपाण्याचे ओघळ पिऊन तो पुन्हा चिकट झाला होता.

बायको उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"आक्का. इकडं या."

आक्का आली.

"तुम्ही म्हणालात बंद केलं. हे काय आहे? पोत्यामागं लपवून घालता? माझ्या डोळ्यांदेखत तीन वर्षांची झाडं चाललीत आणि तुम्ही दुपारी इथं बसून एकीकडं कीड काढता आणि एकीकडं साखर घालता?"

मी रॅक धरून उभा होतो. लोखंडी रॅक, हाताला रग लागली होती, पण खाली ठेवायचं सुचलं नाही.

आक्का हळूहळू खाली बसली. तिनं बोटानं मुंग्या बाजूला सारल्या. गोळ्याच्या मधे एक काळी कुळकुळीत बी होती. सीताफळाची. बायको वरून बघत होती, तिला मुंग्यांत काळं काळंच दिसत होतं. आक्कानं बी उचलली, चिमटीत फिरवली आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आजार आपल्याला वाटला तोच निघाल्यावर माणूस डॉक्टरकडं बघतो, तसं. मग तिनं मूठ मिटली.

"घातली मीच," ती म्हणाली. "सवय जात न्हाई, वैनी. चुकलं माझं."

मी सहा वर्षांचा असताना आमच्या विहिरीत दोर-बादली सोडून दिली होती, खेळता खेळता. वडील काठी घेऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची आक्का म्हणाली होती, मीच सोडली. तिच्या पाठीवर वळ उठले ते मी मोजले नव्हते, पण पाहिले होते. त्या शनिवारी बाल्कनीत मला तो दिवस आठवला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला काहीच आठवलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. एवढं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. "दिराकडं जाते थोडे दिवस. कापूस फुटला आसंल, हाताला काम." बायको रागातच होती, तिनं थांबवलं नाही. मी स्टँडवर सोडायला गेलो. सबंध रस्ता मी बोलेन म्हणून ती वाट बघत असावी, कारण एरवी ती बडबडत जाते आणि त्या दिवशी गप्प होती. बस लागली. खिडकीतून ती म्हणाली, "गोळी घेत जा टायमावर." एवढंच.

ती गेल्यावर दुपारी दांडा साफ करायला कुणी उरलं नाही. मी दोनदा बसलो, माझ्या हातानं दोन कळ्या तुटल्या. आठ दिवसांनी बायकोनं कात्रीनं दांडा कापला आणि कागदात गुंडाळून ठेवला. आक्काचं नाव तिनंही काढलं नाही. पण संध्याकाळी भाजी निवडताना ती दाराकडं वळून काहीतरी बोलायला जायची आणि थांबायची. घर असं झालं होतं, की कुकरची शिट्टी झाली तरी दोघं दचकायचो.

मार्गशीर्षात माझी तीन महिन्यांची शुगर तपासायची होती. रिपोर्ट बायको घेऊन आली. टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

"वाढलीय. बरीच वाढलीय. काय खाल्लं?"

लग्नसराई सुरू झाली होती. लग्नातलं जेवण म्हणालो असतो तरी चाललं असतं, शब्द तोंडापर्यंत आलाही होता. पण तिच्या बोटांकडं माझं लक्ष गेलं. स्पिरिटनं टोकं सोलवटली होती. याच बोटांनी माझा पाय धुतला होता.

"सीताफळं," मी म्हणालो. "दसऱ्यात. रॅकच्या मागं ठेवली होती."

ती हुशार बाई आहे, पुढचं मला सांगावं लागलं नाही. तिनं रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उघडली.

"कीड त्याच्यावर होती?"

"होती."

"तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती."

"मग मी आक्कांना बोलले तेव्हा तुम्ही तिथंच होतात."

"हो."

"रॅक धरून उभे होतात."

"हो."

ती उठून बाल्कनीत गेली. जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "रविवारी मी जाणार आहे त्यांच्याकडं. तुम्ही येऊ नका."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं गेली आणि संध्याकाळी परत आली, एकटी. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "त्यांनी बी उचलली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाही.

"मी पाय धरले त्यांचे. तर म्हणतात, तुझी काय चूक पोरी, तुला बी दिसली कुठं. मी विचारलं, कसली बी? मग सांगितलं त्यांनी." तिनं पिशवी ओट्यावर आपटली. "म्हणजे परवा कबूल केलंत तेही निम्मंच. त्या तुम्हाला वाचवून गेल्या हे तुम्ही तेव्हाही मला सांगितलं नाही."

"येते म्हणाली का?"

"म्हणाल्या, तुला सांगितलं त्यानं, मला कुठं सांगितलं? त्याला म्हणावं, ये."

मी त्याच आठवड्यात रजा टाकली. हसनाबादला उतरून पुढं दोन-अडीच किलोमीटर चालत गेलो. रिक्षा होती, पण चालत गेलो, वेळ लागावा म्हणून. आक्काच्या दिराचं घर रस्त्यालगतच आहे. अंगणात कापसाचा ढीग, आक्का आणि तिची जाऊ बसून डागाळलेला, कवडी कापूस वेगळा काढत होत्या. दीर बाजेवर. आक्काला गोठ्यालगतची खोली दिलेली, दार उघडं होतं, आत एक बाज आणि तिची ती पिशवी. अजून भरलेलीच.

"ये," आक्का म्हणाली. जावेनं चहा आणला. "त्याच्यात साखर न्हाई घालायची सांगितली मी," आक्का म्हणाली. सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं, तिला खोलीत बोलावून सांगावं.

"आक्का, जरा आत ये ना. बोलायचंय."

"हितंच बोल. इथं परकं कोन हाये?"

मी कपाकडं बघत म्हणालो, "ती सीताफळं मी आणली होती. कीड माझ्यामुळं आली."

"मोठ्यानं बोल. भाऊजीला ऐकू कमी येतं."

मी मोठ्यानं बोललो. दिरानं कानाला हात लावला. "काय म्हणतो? सीताफळं खाल्ली? मंग खाल्ली तर काय बिघडलं?"

आक्का कापूस निवडत राहिली. तेव्हा मला सगळंच सांगावं लागलं, पहिल्यापासून, ओरडून. शुगर, बायकोला दिलेला शब्द, खोकं, पोतं, मुंग्या. साखर बंद केल्यानंच कीड वाढली, हेही. बी. हातात रॅक धरून मी उभा होतो ते. रस्त्यानं जाणारे दोघंजण थांबून ऐकायला लागले. ज्या गावांत मी एकवीस वर्षं माइक हातात घेऊन बोलतो, त्यातलंच ते एक गाव. दीर मधेच म्हणाला, "मंग तू मुंग्यायचं नाव घेतलं." मी म्हणालो, "हो." जाऊ म्हणाली, "आन आक्का आमाला म्हणल्या, जालन्यात करमंना म्हणून आले."

मी थांबलो. आक्कानं हातातला कापूस खाली ठेवला.

"किती होती?"

"काय?"

"सीताफळं."

"अकरा."

"अकरा," ती म्हणाली. मान खाली घालून तिनं पुन्हा कापूस हातात घेतला. "आन मला एक बी न्हाई दिलं."

जाऊ हसली. दीर हसला, त्याला ऐकू आलं होतं. आक्काही हसल्यासारखी वाटली, पण तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग तो लवकर काढला नाही. मी तिथंच बसून राहिलो. कपात चहा गार झाला.

निघताना विचारलं, "चलतीस का?"

"संक्रांत हितंच करते. जावेला कबूल केलंय." रस्त्यापर्यंत आली. "मंग बघू. तू आलास म्हणून लगेच पिशवी उचलायची, आसं बिलकुल न्हाई व्हायचं, भाऊ. मी बी किती दिवस तुज्या मागून निस्तरू?"

घरी येऊन मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही. ग्रुपवरचं ते लिहिलेलं तू दुरुस्त कर, असंही म्हणालो.

"मी का करू?" ती म्हणाली. "त्यांनी मोठ्यानं बोलायला लावलं ना. आता तुम्ही लिहा."

म्हणून हे लिहिलं. पाच कुंड्या उरल्यात. तीन आठवडे झाले, पानाच्या बेचक्यात पांढरं दिसलेलं नाही, पण मी अजून रोज भिंग घेऊन बघतो, कारण दिसत नाही म्हणजे गेली असं या किडीत नसतं. बाल्कनीच्या कोपऱ्यात, भेगेपाशी, सकाळी बायको चिमूटभर पीठ-साखर घालते. आक्काइतकी ती नीट कालवत नाही, गोळे राहतात. मुंग्या पुन्हा ओळीनं येतात आणि तिथूनच परत जातात.

संक्रांत परवा आहे.